दोन गडग्यांमधलं धुकं

खरीफ लागला की आमच्या सलालात पापड वाळत नाहीत आणि पाहुणे हलत नाहीत. बाकीचा ओमान तव्यावर बसल्यासारखा तापलेला असतो आणि आमच्याकडे मात्र डोंगरावरून धुकं उतरतं, पाऊस म्हणावा तर पाऊस नाही असं बारीक काहीतरी दिवसभर झिमझिमत राहतं. मग मस्कतहून वादी अदाईच्या वहिनींचा फोन येतो, "अगं, आम्ही निघतोय गं, रुसैलचे दोघंतिघंपण आहेत बरोबर." मी म्हणते, या की. गाद्या आधीच उन्हात घालून ठेवायच्या असतात, पण ऊन कुठलं? ओलसर गाद्यांवरच मंडळी झोपतात, सकाळी उठून "काय हवा आहे गं तुमच्याकडे" म्हणतात, आणि मी चहा टाकते.

गावाकडे खरीप म्हणजे पीक, इथे खरीफ म्हणजे धुकं. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं फार नवल वाटायचं. आता वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. दरवर्षी हे धुकं आलं की मला एकच वर्ष आठवतं, आबा आले होते ते. बाकीचे सगळे खरीफ एकमेकांत मिसळून गेलेत. कुठल्या वर्षी कोण पाहुणे होते, कुठल्या वर्षी गाडी चिखलात रुतली, काही सांगता यायचं नाही. ते एक वर्ष मात्र वेगळं राहिलंय.

आबा म्हणजे माझे सासरे. देवगडजवळ त्यांची हापूसची कलमं. जन्मभर माणूस आंब्यात राहिलेला, विमानात पहिल्यांदा बसला तोच मुळी इकडे यायला. माझा नवरा पोर्टमध्ये क्रेनच्या दुरुस्तीवर, त्याची शिफ्ट कधी संपेल ते त्यालाही माहीत नसतं. तेव्हा आबांना फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. तिथे बसून मला दोन गोष्टी लागल्या, एक अरबी आणि दुसरी चौकशी. दात दुखणारा माणूस वाट बघत बसला की बोलतो, आणि समोर कोणी बोलायला लागलं की मला पुढचं विचारल्याशिवाय राहवत नाही. नवरा म्हणतो, तुला पगार नसता दिला तरी तू तिथे बसली असतीस. खरं आहे.

सुट्टीच्या दिवशी आबांना आणि आमच्या आर्याला घेऊन मी डोंगरावर गेले. आर्या तेव्हा सहावीत. तिची मराठी म्हणजे आधी मनात इंग्रजी वाक्य जुळवणार, मग एकेक शब्द काढणार. पण आजोबांची मालवणी तिला का कोण जाणे नीट कळायची. वाटेत धुकं इतकं की सगळ्या गाड्यांचे दिवे लुकलुकत होते आणि मधूनच रस्त्यात उंट उभा. दुबई-कुवेतकडची कुटुंबं सतरंज्या टाकून गवतात बसलेली, कणसं भाजत होती. आम्ही गर्दी टाळून पुढे गेलो, एका सोंडेवर, जिथून खाली समुद्र दिसायला हवा होता आणि दिसत नव्हता.

तिथे ते गडगे होते. गोल, मांडीएवढे उंच, दगडावर दगड नुसते रचलेले, आत एखाद-दोन माणसं आडवी होतील एवढी जागा. एक इथे, एक तिथे, काही ढासळलेले. एकात कोणीतरी वाऱ्याचा आडोसा म्हणून कणसं भाजली होती, कोळसे पडले होते. आबा बघतच राहिले.

"हय कोणी कलमां लावलेली गो?" ते म्हणाले.

आमच्याकडे कातळावर कलम लावताना भोवती असाच दगडांचा गोल रचतात, आत माती भरतात, गुरं येऊ नयेत आणि माती वाहून जाऊ नये म्हणून. कोकणातल्या माणसाला कातळावर गोल गडगा दिसला की त्यात कलम दिसणारच. आबा एका गडग्यात उतरले, पायाने माती चाचपली, निसटलेला एक दगड उचलून जागी बसवला. "जगाक नाय वाटतां. पाणी नाय घातल्यान कोणी," म्हणाले. कोणाच्या तरी आळसाचा त्यांना मनापासून राग आला होता. मी हसत होते. मी त्यांचा फोटो काढला, गडग्यात उभे, कमरेवर हात, जसे काही स्वतःच्याच बागेत.

मग ते पलीकडे उतरले, मधे एक घळ होती, तिच्या पलीकडचे गडगे बघायला. धुक्यात दिसेनासे झाले. मला जरा धाकधूक वाटली, तेवढ्यात त्यांचा कुकारा आला. लांब, वर चढत जाणारा, शेवटी एकदम तुटणारा. बागेत काम करताना, झाडीत, धुक्यात, माणूस दिसेनासा झाला की आमच्याकडे असा कुकारा घालतात. आणि त्याला ओ द्यायचीच असते. नाही दिली तर घालणारा घालतच राहणार, कारण ओ आली नाही म्हणजे काहीतरी झालं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला हे शिकवलं होतं, भाकरीच्याही आधी. मी ओ दिली, आर्यानेही दिली, तिची अगदी पोपटासारखी.

ती जागा म्हणजे काय हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आमचे घरमालक मुसल्लमचाचा. आधी मी त्यांना इथल्या रीतीने अर्बाब म्हणायचे, मालक, पण ते त्यांना आवडायचं नाही, म्हणाले, मला चाचा म्हण. मूळचे डोंगरावरचे, जबाली. खाली आमच्या घराला लागून त्यांची नारळ-केळींची बाग आणि थोड्या गाई. गाईंशी ते डोंगरातल्या भाषेत बोलतात, बायकोशी अरबीत आणि आमच्याशी हिंदीत, फौजेत असताना शिकलेल्या. ते गाईंना उन्हाळ्यात सुकवलेले तारले घालतात. ते पाहून आबा आल्या दिवसापासून त्यांच्यावर खूश होते. "गायीक सुका म्हावरा, आणि आमका म्हागाय," असं म्हणत रोज त्यांच्या गोठ्याजवळ जाऊन उभे राहायचे. दोघांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. तासतासभर गप्पा चालायच्या.

मी चाचांना फोटो दाखवला आणि विचारलं, "इथे कोणाची बाग होती?"

त्यांनी मोबाइल हातात घेतला, चष्मा लावला, आणि ते आबांकडे नाही, गडग्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच केलंय. चहा निवला.

"बाग नाही," ते म्हणाले. "इथून आम्ही गोळ्या झाडत होतो."

डोंगरातल्या त्या लढाईबद्दल मी इतकी वर्षं सलालात राहून फक्त उडत उडत ऐकलं होतं. साठ-सत्तरच्या दशकातली गोष्ट. डोंगरातली माणसं सुलतानाविरुद्ध उठली होती. मग राज्यकर्ता बदलला, रस्ते येऊ लागले, दवाखाने आले, आणि डोंगरातलेच कितीतरी तरुण बंदुकीसकट सरकारच्या बाजूला आले. बाकीचे तिकडेच राहिले. म्हणजे शेवटी डोंगर डोंगराशीच लढला. इंटरनेटवर शोधलं तर विमानं आणि इंग्रज साहेब लोक खूप सापडतात. या सोंडेचं नाव कुठे सापडत नाही. वर पाटी नाही, खांब नाही, काही नाही. नुसते गडगे, आणि त्यांच्या आडोशाने भाजलेली कणसं.

मी विचारत गेले, आणि ते सांगत गेले. ते मिसरूड फुटायच्या वयात सरकारकडे आले, थोरला भाऊ सुहैल तिकडेच राहिला. असाच खरीफ होता. धुक्यात विमानांना काही दिसायचं नाही, म्हणून या दिवसांत वरचे बंडखोर धीट असायचे. घळीच्या या अंगाला यांचे गडगे, त्या अंगाला त्यांचे. पहाटेपासून गोळ्या चालल्या. धुकं उठलं तेव्हा समोरच्या गडग्यात सुहैल पडलेला होता.

"आमच्यातले बरेच जण झाडत होते," चाचा म्हणाले. "गोळी कोणाची, कोण सांगणार? आई विचारायची. मी तिला सांगायचो, आई, धुकं होतं, काही दिसत नव्हतं. ती गेली तोवर मी हेच सांगितलं."

मग म्हणाले, "पण दिसत होतं की नाही, ते मला खरंच ठाऊक नाही. दर खरीफला मी वर जातो. माझ्या गडग्यात पडतो आणि समोर बघतो. पण समोर कोणी नसतंच. मग दिसतं की नाही ते कळणार कसं?"

मुलांना त्यांनी सांगून पाहिलं होतं की एकदा समोर जाऊन उभे राहा. एक मस्कतला मोठ्या कचेरीत, एक इथेच. दोघंही म्हणाले, खलास, बाबा, झालं ते झालं, वर जाऊ नका. इथे त्या दिवसांबद्दल कोणी बोलत नाही. दोन्ही बाजूंची नातवंडं एका शाळेत जातात, एकमेकांच्या लग्नात जेवतात, आणि ते बरंच आहे. पण म्हणून या एका म्हाताऱ्याने विचारायचं तरी कोणाला? त्यांनी पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. फोटोत आबा गडग्यात उभे होते.

"तुझा सासरा येईल?" त्यांनी विचारलं.

मी आबांना सगळं सांगितलं नाही. भावाचं सांगितलं, लढाईचं सांगितलं, गोळी कोणाची ते बोलले नाही. आबांना आधी तो गडगा कलमाचा नव्हता याचंच वाईट वाटलं. मग म्हणाले, "जातंय मी. उभ्या रवाक काय पैशे पडतत?"

आता हे लिहिताना खिडकीबाहेर तसंच धुकं आहे. कपडे तीन दिवस झाले तरी ओलेच, मिठाच्या बरणीत पाणी सुटलंय, आणि आत वहिनी पाहुण्यांच्या पोरांना ओरडतायत. मी पुष्कळदा स्वतःला विचारते की मला त्या दिवशी नक्की काय हवं होतं. चाचांना बरं वाटावं असं हवं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त मला जाणून घ्यायचं होतं की दिसतं का. लढाई म्हटली की आपल्याला नकाशे, बाण, कोण जिंकलं, हे आठवतं. इथे साऱ्या लढाईचा एवढाच प्रश्न शिल्लक होता, या दगडापासून त्या दगडापर्यंत धुक्यात माणूस दिसतो का? मला तो फार खरा प्रश्न वाटला. अजून वाटतो.

चाचांच्या गाडीने आम्ही पहाटेच निघालो. आर्याला घरी एकटी ठेवायची नव्हती म्हणून ती मागच्या सीटवर, पांघरुणासकट, झोपलेली. वर पोहोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण उजेड कुठून येतोय ते कळत नव्हतं. चाचांनी स्वतःच्या अंगावरची काळी लोकरी शाल काढली आणि आबांच्या खांद्यावर घातली. त्या दिवशी सुहैलच्या अंगावर काळं होतं. आबांना वाटलं, थंडीसाठी दिली. त्यांनी ती छान लपेटून घेतली, काठी घेतली आणि घळीत उतरले. घळ काही फार खोल नाही. थोड्याच वेळात धुक्याने त्यांना घेतलं.

चाचा त्यांच्या गडग्यात शिरले आणि दगडांमधल्या फटीशी पोटावर पडले. एवढा मोठा माणूस, पांढरी दाढी, ज्यांना मी महिन्याच्या महिन्याला घरभाडं नेऊन देते, ते ओल्या दगडांत कोपरं टेकून पडलेले बघून मला कुठे बघावं कळेना. मी त्यांच्या मागे उकिडवी बसले. गवताला आणि दगडाला एकच ओला वास येत होता. खाली कुठेतरी गाईच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"दिसतोय?" त्यांनी न वळता विचारलं.

मी खोटं बोलायचं ठरवून आले होते. काही झालं तरी "नाही" म्हणायचं. पण मला दिसत होतं. धुक्यात एक जागा जरा जास्त काळी होती, आणि ती आबांसारखी उभी होती, एका पायावर भार टाकून.

"काहीतरी आहे," मी म्हटलं. म्हणून गेले.

चाचांनी कपाळ ओल्या दगडाला टेकलं. मला स्वतःचा भयंकर राग आला. आणि मग, रागातच, मला सुचलं. मला आबा दिसत होते कारण आबा तिथे आहेत हे मला माहीत होतं. मी दुसरीकडे पाहिलं तर तिथेही जरा काळी जागा होती, आणि पलीकडे आणखी एक. त्या मला आबांसारख्या वाटल्या नाहीत, एवढंच.

मी धावत गाडीकडे गेले, आर्याला उठवलं आणि ती डोळे चोळत असतानाच घेऊन आले. तिला काहीच ठाऊक नव्हतं. "समोर बघ आणि काय दिसतं सांग," मी म्हटलं.

ती बघत राहिली. डोळे बारीक केले. मग म्हणाली, "आई, तिकडे... नथिंग. फॉग आहे फक्त. आजोबा कुठे गेले?"

"नीट बघ."

"कोणी नाहीये, आई. प्रॉमिस."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. मी चाचांच्या बाजूला जवळजवळ आडवीच पडले आणि सांगायला लागले, बघा, हिला माहीत नव्हतं, हिला दिसलं नाही. म्हणजे ज्याला माहीत नाही त्याला दिसतच नाही. तुम्ही तुमच्या आईला खरंच सांगत होता. झाला तुमचा प्रश्न निकाली, खलास. मी बोलत होते आणि चाचा ऐकत होते, समोर बघत. आर्या पांघरूण ओढून माझ्या पाठीला टेकली.

तेवढ्यात पलीकडून कुकारा आला.

आबा कंटाळले असणार. किती वेळ उभं राहायचं, किती वेळ थांबायचं, कोणी काही सांगितलं नव्हतं. लांब, वर चढत जाणारा, शेवटी तुटणारा तो आवाज घळीवरून आला आणि चाचा एकदम उठून बसले. हातांनी दोन्ही बाजूंचे दगड धरले.

"तो गाईंना हाक मारायचा," ते म्हणाले. ते हिंदी बोलत होते, पण माझ्याशी नव्हते बोलत. "रोज पहाटे. लहानपणापासून. त्या दिवशी गोळ्या सुरू व्हायच्या आधी त्याने तशी हाक घातली. तिथे गाई नव्हत्या. लढाईत सगळ्या डोंगरात कोणाच्या गाई उरल्या होत्या तेव्हा? मी या बाजूला आहे हे त्याला कोणीतरी सांगितलं असेल. तो मला हाक मारत होता."

जन्मात पहिल्यांदा मला पुढचं विचारायचं नव्हतं.

"मला माहीत होतं तो तिथे आहे," चाचा म्हणाले. "दिसण्याचा प्रश्नच नव्हता. मी ओ दिली असती तर त्याला कळलं असतं मी कुठे आहे. समोर माझा भाऊ आहे हे आमच्या लोकांनाही कळलं असतं. मी गप्प राहिलो. मग गोळ्या सुरू झाल्या, आणि मीही झाडल्या."

इतकी वर्षं हा माणूस धुक्याकडे बघत होता, कारण धुक्याला विचारणं सोपं होतं. हे मला तिथे, त्या क्षणी, कळलं आणि फार वाईट वाटलं. मघाशी मी ज्याला निकाल म्हणत होते तो त्यांच्या काहीच कामाचा नव्हता.

आबांचा कुकारा पुन्हा आला. ओ मिळाली नव्हती ना, आता ते थांबणार नव्हते. सवयीने माझं तोंड उघडलं, आर्यानेही श्वास घेतला. चाचांनी हात वर केला. आम्ही दोघी तशाच राहिलो.

ते गुडघ्यावर हात टेकत उठले. दोन्ही तळवे तोंडाशी धरले. पहिल्यांदा नुसताच घोगरा आवाज आला, मग खोकला. तिसऱ्यांदा मात्र हाक निघाली, डोंगरातल्या त्यांच्या भाषेतली, गाईंना घालतात तशी, आबांच्या कुकाऱ्याहून खालच्या सुरात आणि खूप लांब. ती घळीत उतरली आणि पलीकडे गेली. घंटेचा आवाज थांबला. कुठलीतरी गाय वर मान करून ऐकत असेल.

"येतंय रेऽ" आबा ओरडले.

आम्ही तिघं उभे राहून वाट बघत होतो. आधी काठीचा आवाज आला, मग आबांचं खाकरणं, आणि मग धुक्यातून काळी शाल वर चढून आली. चाचा गडग्यातून बाहेर पडले, दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. आबांना धाप लागली होती, शाल भिजून जड झाली होती, आणि ते चांगलेच वैतागले होते.

"कधीपास्ना हाक मारतंय," ते चाचांना म्हणाले. "ओ देवक इतको येळ लागता?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो तो?"

काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. थंडी आहे म्हणतात, चहा हवाय म्हणतात. पण एकदा "काहीतरी आहे" म्हणून मी खरं बोलून बसले होते, आता मागे कशाला जायचं? मी सांगितलं. म्हटलं, ते विचारतायत, हाकेला ओ द्यायला इतका वेळ का लावलास.

चाचांनी पुढे होऊन शालीची दोन्ही टोकं धरली आणि आबांच्या छातीवर नीट ओढून घेतली, जशी थोरल्या भावाची ओढावी. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

"त्याला सांग," ते म्हणाले, "हो. फार वेळ लागला."

मी सांगितलं. आबांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, काय कळलं काय नाही देव जाणे, आणि त्यांच्या दंडाला धरून गाडीकडे चालायला लागले. "बरा तर," म्हणाले, "दिलस मां शेवटी. चल, चाय घेवया."